बायकोची शाळा आन माझं वजन

सून महिन्यातून एकदा मले आर्वीच्या दवाखान्यात नेते आन वजनाच्या मशिनीवर उभं करते. मी चपला काढत नाई, टोपी काढत नाई, खिशातला अडकित्ताबी काढत नाई. नर्स म्हणते, "आजोबा, चपला काढा." मी म्हणतो, "राहू दे वं बाई, पायाले थंडी वाजते." मे महिन्यातबी मी हेच सांगतलं. नर्सनं सुनेकडे पाह्यलं, सुनेनं भिंतीकडे पाह्यलं.

बायको गेली त्याले दोन पावसाळे झाले. तवापासून माझं वजन उतरून राह्यलं, असं मशीन म्हणते. पारावरचे लोक म्हणतात, बुढी गेली आन बुढा वाळला. अरे लेकहो, मी ओला होतो कवा?

मी जन्माचाच काडी. माझा बाप काडी, बापाचा बाप काडी. आमच्या घराण्यात जाड वस्तू एकच, ती म्हणजे म्हैस. लग्नाच्या मांडवात बायकोच्या मावशीनं मलेच विचारलं होतं, "अवो भाऊ, नवरदेव कुठी आहे?" बाशिंग माझ्याच डोक्यावर होतं. मी चौथीपर्यंत शिकलो, चौथी काही माझ्याच्यानं पार झाली नाई, म्हणून लेखणी धराची सवय कमी. पण वजनाची ही गोष्ट माझ्याशिवाय सांगणारं आता कोणी उरलं नाई, आन माझ्याएवढं तिच्यात कोणी भोगलंबी नाई.

पंचाहत्तर-शहात्तर साल असन. शहरातल्या एक बाई तालुक्याले आल्या होत्या. डॉक्टरीण होत्या का मास्तरीण, ते मले कवाच समजलं नाई. लेकराइचे हातपाय बारीक आन पोट मोठं काऊन होते, घरातल्याच जिनसांत चांगलं जेवण कसं कराचं, हे त्या गावोगावच्या एकेका बाईले शिकवत होत्या. पैसा काही नाई. जाचं, शिकाचं, आन गावात येऊन फुकट शिकवाचं. आमच्या सरपंचाले एक बाई पाठवणं भाग होतं. कोणाची सासू जाऊ देईना, कोणाचा नवरा. सरपंच माझ्याकडे आले आन म्हणे, "तुही बायको तसंबी तुहं ऐकत नाई. तिलेच पाठव."

हे साऱ्या गावाले माहीत होतं. मी नाई म्हणून करतो काय?

गेली तवा माझी बायको होती, परत आली ते मास्तरीण होऊन. पिशवी खाली ठेवली नाई तं पह्यले चुलीकडे गेली. मी भाताची पेज म्हशीच्या टोपल्यात ओतत होतो.

"अजी, हे काय करून राह्यले?"

"म्हशीले पेज देऊन राह्यलो. रोजच देतो."

"साऱ्या भाताचा जीव त्या पाण्यात उतरते. म्हैस काय लेकरं शिकवाले जाते?"

त्या दिवसापासून पेज मी पेलो आन म्हैस माझ्याकडे रागानं पाहू लागली. दोहाले बसलो की नेम धरून शेपटी मारे. भाजी आधी धुवाची, मंग चिराची. तेल डब्यातून ओताचं नाई, चमच्यानं घ्याचं. आता आमच्याकडे भाजीवर बोटभर तर्री तरंगली नाई तं पाहुणा हळूच विचारते, घरात काही वाईट झालं काय? अशा मुलखात ही बाई चमचा घेऊन उभी राह्यली. हिंमत पाहा.

ग्रामपंचायतीची एक जुनी खोली रिकामी पडली होती. तिथी दर बाजाराच्या दिवशी तिचा वर्ग भरे. बाजाराच्या दिवशी कापसाची वेचणी बंद राहे, म्हणून वेचणाऱ्या बाया मोकळ्या असत. त्या आपापली पोट्टी घेऊन येत. मी पाण्याचा गुंड भरून दाराशी उभा. माझं काम तेवढंच. पाणी संपलं की आणाचं आन मधात बोलाचं नाई.

ती भाजी परतवाचा सराटा हातात घेऊन उभी राहे, मास्तर छडी घेऊन राह्यते तशी. ज्वारीच्या कण्या, त्यात तुरीची दाळ, वरून मुनग्याचा, म्हणजे शेवग्याचा, पाला. जवसाची चटणी. फल्लीदाणा आन गुळाचा लाडू. सारं घरचंच, फक्त एकमेकांत टाकाची अक्कल नवी. एकदा तिनं पोट्ट्याइले सांगतलं, पुढच्या बाजारी येताना प्रत्येकानं मूठभर हिरवा पाला आणजो. कोणी आंबाडी आणली, कोणी तरोटा, कोणी चवळी. एक पोट्टं नाल्यावरून बेशरमाचा पाला घेऊन आलं. त्या झाडाले ढोरंबी तोंड लावत नाईत.

"बाई, माह्यावाला साऱ्यात हिरवा आहे."

ती म्हणे, "हिरवा तं पोपटबी असते. खातो काय?"

तं मागून दुसरं पोट्टं उठलं. "बाई, पोपटाची भाजी आधी धुवाची का आधी चिराची?"

बाया हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. मले वाटते त्या कण्या शिकाले कमी आन हसाले जास्त येत. वेचणीच्या दिवसात बाई बसते कवा? कंबर जरा सरळ केली की बांधावरून कोणीतरी ओरडते. घरी सासू. बाजाराचा तेवढा वेळ त्या खोलीत टेकून बसाले भेटे, आन घरी सांगाले कारण पक्कं होतं, सरपंचानं बोलावलं. त्याइच्यात एक बुढी होती. ती वेचणाऱ्या बायाइची पुढारी, तोंडात दात नाई आन जिभेले हाड नाई. ती म्हणे, "मले काय शिकाचं आहे आता? मी तं पाय लांब कराले येतो."

भांडण लागलं ते स्टँडवरच्या हॉटेलवाल्यापासून. हॉटेल म्हणजे टिनाचं छप्पर, दोन बाकडे आन एक कढई. कढईतलं तेल दिवाळीले टाकत ते होळीलोक चाले. एका पोट्टीनं बाकड्यापाशी उभं राहून त्याले साऱ्या गिऱ्हाइकाइसमोर सांगतलं, "काका, आमच्या बाई म्हणतात हे तेल बंडीच्या चाकाले लावावं, पोटाले नाई." त्या दिवशी बंडीवाल्या गिऱ्हाइकानं खरंच थोडं तेल मागतलं म्हणतात. हॉटेलवाल्याचं डोकं गरम झालं.

पुढच्या बाजारी तो सरपंचाले घेऊन वर्गावरच आला. गडी जाडजूड, पोट आधी आत आलं, मंग तो आला.

"वहिनी," तो म्हणे, "तुमच्या जेवणानं माणूस धडधाकट होते म्हणता ना?"

"होते."

"मंग हे काय आहे?" आन त्यानं बोट दाखवलं.

मी वळून मागं पाह्यलं. मागं भिंत होती.

"रोज तुमच्या हातचं खाते हा माणूस," तो म्हणे. "हवा आली तं खांबाले धरते. मोठा भोपळा दाखवून शेंग विकू नका."

बाया तोंडाले पदर लावून हसल्या. बुढी तं पदरबी न लावता हसली. सरपंच मिशीत हसले, कारण त्याइले ती खोली कापूस भराले पाह्यजेच होती, फक्त बहाणा सापडत नव्हता. माझी बायको तेवढी हसली नाई. तिचं नाक लाल झालं. नाक लाल झालं की मी घरात भांडे मोजून ठेवत होतो.

"त्याइचं घराणंच तसं आहे," ती म्हणे. "पण तुम्हाले पाह्याचंच असन तं काटा आणा. आज मोजा, संक्रांतीले मोजा. वजन वाढलं नाई तं खोली तुमची."

मले कोणी विचारलं? मी गुंड घेऊन उभा होतो, तसाच उभा राह्यलो.

सरपंच म्हणे, आज नाई, परवा. परवा त्याइच्या वावरात सीतादही होतं. त्याइचा कापूस उशिरा फुटला होता, म्हणून त्याइच्या वेचणीचा तो पह्यला दिवस. आधी वावरात दहीभाताचा निवद दाखवाचा, मंग वेचाले हात लावाचा, आन सांजी पह्यलं गाठोडं काट्यावर चढवाचं. काटा म्हणजे लाकडी तिवईले टांगलेला दांडा आन दोन मोठी पारडी. त्या वर्षी पह्यल्या गाठोड्याच्या जागी मी चढलो. सरपंचाच्या आईनं मले हळदकुंकू लावलं. मी म्हटलं, "आजी, मले कायले?" ती म्हणे, "काट्यावरच्या पह्यल्या मालाले लावा लागते, बाबू. गुपचूप बस." माझे पाय पारड्याबाहेर लोंबत होते. दुसऱ्या पारड्यात ठेवलेली वजनं मापाऱ्यानं एका थैलीत बांधली, सरपंचानं थैलीच्या तोंडाले लाख लावली आन ती देवळात मारुतीच्या मागं ठेवली. देवाले साक्षीदार केल्यावर बोलाले जागा राह्यली नाई. संक्रांतीले त्या थैलीपेक्षा मी जड भरलो तं खोली बायकोची, नाई तं कापसाची.

पुढं माझं जे झालं ते म्हशीचंबी झालं नाई.

सकाळी उठलो की बायको मले बैलबाजारातला बैल पाह्यते तशी आगंमागं फिरून पाहे. मंग कण्या, मंग लाडू, मंग वावरात जाताना फडक्यात बांधलेले फुटाणे. रस्त्यानं जाताना पोट्टे हात धरत आन दंड दाबून पाहत. "काका, थोडा नरम झाला." "नाई वं, हाडच आहे." विहिरीवर बाया मले पाहून बोलणं बंद करत. मी आजवर गावात कोणाच्या नजरेत भरलो नव्हतो, आता साऱ्या गावाची नजर माझ्या पोटावर.

अट अशी होती की घरच्या बाहेरचं काही खाचं नाई. म्हणून हॉटेलवाला मी दिसलो की घाणा टाके. भज्यांचा वास स्टँडभर. "या भाऊ," तो म्हणे, "एक भजं खाल्ल्यानं काय होते?" एक खाल्लं असतं तं अट मोडली असती. मी त्या वासापायी नाल्याकडून लांबचा फेरा घेऊन वावरात जाऊ लागलो. बायकोले समजलं तं ती म्हणे, "एवढं चालून आंगातलं सारं झडवता. रस्ता नका बदलू, नाक बदला."

बायाइलेबी दम निघेना. खोली त्याइचीबी होती. त्या एकेक करून आमच्या गोठ्यामागं येत आन पदराखालून तुपाचे लाडू काढत. घरचेच आहेत ना भाऊ, म्हणजे अट मोडत नाई, असं त्याइचं म्हणणं. कोणाच्या घरचे हे कोणी बोललंच नव्हतं. मी खाल्ले. बुढीनं तं डिंकाचा लाडू माझ्या तोंडात कोंबला आन गिळेलोक नाक धरून ठेवलं. म्हैस टकमक पाहत होती. जन्मभर कण्या-भाकर खाल्लेलं पोट, त्याले तूप झेपते काय? मी असा झटकलो की लोटा घेऊन नाल्याकडे जाचं-याचं एवढंच काम उरलं. जे कमावलं होतं ते सारं वाहून गेलं.  बायकोनं मिठाची पेज केली आन समोर ठेवली. ज्या पेजेपायी म्हैस रुसली होती तिनंच मले तारलं.

उठून बसाले लागलो त्या सांजी ती चुलीपाशी भाकर थापत होती. माझ्याकडे न पाह्यता म्हणे, "खोली गेली तं त्या पुन्हा येणार नाईत. एकेकीच्या घरी किती खेटे घातले, तवा त्या उंबऱ्याबाहेर आल्या." मंग भाकर तव्यावर टाकून म्हणे, "ती बारकी पोट्टी पाह्यली काय? आईच्या कडेवर येत होती, मान टाकून. मागच्या बाजारी चालत आली. दारात पडली, पण चालत आली."

भाकर तव्यावर फुगली. मी म्हटलं, "मले अजून एक वाढ." मले भूक नव्हती.

संक्रांतीचा बाजार आला. सकाळीच बुढी दोन बाया घेऊन गोठ्यामागं हजर. बायको पोट्ट्याइले तिळगूळ वाटाले पुढं गेलती.

बुढीनं मले खालपासून वरलोक पाह्यलं आन म्हणे, "नाई भरत. हलका वाटते."

"मंग आता काय कराचं?"

"कापसाचं गाठोडं हलकं वाटलं तं आमी काय करतो?"

मले काय माहीत नव्हतं? साऱ्या मुलखाले माहीत आहे. काट्याच्या थोडं अगोदर कापसाले पाणी माराचं. मालक वजनात काटते म्हणून बाया पाणी मारतात, आन बाया पाणी मारतात म्हणून मालक काटते. कोणी आधी सुरू केलं ते देवालेबी माहीत नसन.

"मी काय कापूस आहे?" मी म्हटलं.

"आज आहेस," ती म्हणे. "पे."

मी पेलो. लोट्यावर लोटा. पोटात गुंड भरल्यासारखं झालं. चाललो की आतून डचमळ डचमळ आवाज ये. एकीनं जाता जाता माझ्या बंडीच्या खिशात ढेकूळ टाकलं, तेबी सवयीनं.

तिवईभोवती सारं गाव जमलं होतं. हॉटेलवाल्यानं शेगडी तिथीच आणून चहाचं दुकान मांडलं होतं. मापारी पुढं आला. हा माणूस बोले कमी, पण काट्यावर चढण्याआधी प्रत्येक गाठोड्यात कोपरापर्यंत हात घाले. त्यानं माझ्या बंडीत हात घातला, ढेकूळ काढलं, बाजूले फेकलं. लोक हसले. मंग त्यानं माझ्या पोटावर हात ठेवून मले जरासं हलवलं, नारळ हलवून पाह्यते तसं.

डचमळ.

मापारी सरपंचाकडे वळला आन नेहमीच्याच आवाजात म्हणे, "मालक, माल ओला आहे."

आन सरपंचाच्या तोंडून नेहमीचंच उत्तर निघालं, "मंग वाळू द्या."

त्याइले कोणाले त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाई, हे विशेष. ओला माल आला की उन्हात टाकाचा, वाळला की मोजाचा, हा काट्याचा कायदा. दोघाइनं कापूस वाळवाची फारी अंथरली आन मले उन्हात बसवलं. मापारी दर थोड्या वेळानं येऊन मले या कुशीवरून त्या कुशीवर करे. बाया माझ्याभोवती बसल्या. बुढी कानात म्हणे, "दम धर बाबू. घाम गेला तं जाऊ दे, बाकीचं सोडू नको."

बाकीचंच तं सुटू पाहत होतं. हॉटेलवाला काही कमी नव्हता. तो माझ्यापुढं येऊन बसला आन चहा गार कराच्या बहाण्यानं एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतू लागला. वरून खाली, हात लांब करून, धार बारीक. सुर्रर्र. मी डोळे मिटले, तं आवाज अजून मोठा झाला. कोणीतरी पोट्टं म्हणे, "काका थरथरून राह्यले, त्याइले थंडी वाजली काय?" दुसरं म्हणे, "उन्हात कशी वाजन?" मी मनात मारुतीचं नाव घेतलं. मंग आठवलं, मारुती तं तिकडून साक्षीदार आहे.

तेवढ्यात बायको आली. गर्दी बाजूले सारून माझ्यापुढं उभी राह्यली. मी मांड्या आवळून बसलेला, तोंड वाकडं, आजूबाजूले बाया हाताची घडी करून. तिनं एकदा मले पाह्यलं, एकदा बुढीले. बुढी आभाळाकडे पाहू लागली. तीस कोस चालून आल्यावर माणूस सोडते तसा मोठा श्वास बायकोनं सोडला.

"किती पेले?"

मी बोललो नाई. बोललो असतो तं सुटलं असतं.

"उठा. जा तुरीत."

मी मान हलवली. दात आवळून म्हटलं, "खोली जाईन."

"जाऊ द्या. खोली दुसरी भेटन. नवरा कुठून आणू मी?"

हे तिनं साऱ्या गावासमोर म्हटलं. आमच्या काळात बाई असं बोलत नसे. बुढीनंबी डोक्यावर पदर ओढला. आन मले त्यावर काही म्हणाले वेळ नव्हता. मी उठलो, धोतर सावरलं आन तुरीच्या वावराकडे पळालो. मागून साऱ्या गावानं टाळ्या वाजवल्या. जन्मात मले कोणी टाळ्या वाजवल्या असतील तं त्या तेवढ्याच.

परत आलो तं आंगानं हलका आन मनानं जड. पारड्यात बसलो. देवळातून थैली आणली, लाख फोडली, वजनं दुसऱ्या पारड्यात ठेवली. दांडा वर गेला, खाली आला, हलला, आन मधात येऊन थांबला. सरळ. सीतादहीच्या दिवशी जेवढा होतो तेवढाच. तिळभर जास्त नाई, तिळभर कमी नाई. एवढं खाणं, एवढं झटकणं, एवढं पाणी, आन माझ्या घराण्याचं हाड जागचं हललं नाई.

मापारी सवयीनं म्हणे, "बारदाना वजा," म्हणजे माझं धोतर आन बंडी.

सरपंच म्हणे, "वाढलं नाई."

बायको म्हणे, "नाई वाढलं." तिनं कमरेची किल्ली काढली आन त्याइच्या हातावर ठेवली. तिचा हात जरासा जास्त वेळ तिथी राह्यला, एवढंच. बाया खाली पाहत होत्या. कडेवर येणारी ती बारकी पोट्टी तेवढी पारड्याले धरून उभी होती आन मले म्हणत होती, "काका उतरा, मी."

हॉटेलवाल्यानं आनंदात साऱ्या पोट्ट्याइले फुकट भजे वाटले. मले वाटलं, एवढं शिकवलं तं ही पोट्टी तोंड फिरवतील. कायचं काय. दोन्ही हातानं हाणले. खोटं कायले सांगू? मीबी हाणले, माझी अट संपली होती. बायकोनंबी एक उचललं, चावलं, आन हॉटेलवाल्याले म्हणे, "बेसनाच्या घोळात मुनग्याचा पाला टाकून पाहा. आन तेल बदला. भजं बरं आहे, तेल मेलं आहे."

त्यानं हातातलं भजं हुंगून पाह्यलं. 

पुढच्या बाजाराच्या दिवशी खोलीत कापूस भरला. बायको सकाळपासून घरातच होती. तिनं म्हशीले धुतलं. म्हैस धुवाचा तो वार नव्हता. सराटा चुलीमागं उभा करून ठेवला. मी गुंड भरून आणला, सवयीनं, आन ठेवाची जागा सापडेना म्हणून अंगणातच घेऊन उभा राह्यलो.

पह्यले आली ती हॉटेलवाल्याची बायको. हातात नव्या तेलाची बाटली. दारातूनच म्हणे, "वहिनी, तो मुनग्याचा पाला घोळात कच्चाच टाकाचा का वाफवून? घरी धिंगाणा चालू आहे." तिच्यामागून बुढी आली, पाय लांब कराले. मंग बाकीच्या. घरी काय सांगून आल्या ते मी विचारलं नाई. सरपंचानं बोलावलं हे कारण तं आता राह्यलं नव्हतं. कारण नसताना आल्या. ती बारकी पोट्टीबी आली, आमच्या उंबऱ्यावर पडली आन उठली.

अंगणात जागा पुरेना म्हणून म्हैस गल्लीत बांधली. ती अजून नाराज झाली. तो वर्ग मंग किती वर्षं चालला. माझी लेकरं त्यातच मोठी झाली. पुढं अंगणवाडी आली, पगाराच्या बाई आल्या, तवा त्याबी पह्यल्या दिवशी आमच्याच घरी विचाराले आल्या. स्टँडवर अजून मुनग्याचे भजे भेटतात, हॉटेलवाल्याचा पोरगा विकते. माझं वजन तेवढंच राह्यलं. लोकाइनं तिले चिडवणं काही सोडलं नाई. नमुना कसा आहे, विचारत. ती म्हणे, नमुना खराब आहे, माल चांगला आहे.

आता ती नाई. कण्या मीच करतो. कवा लागतात, कवा कच्च्या राह्यतात. सून डबा देते, चांगला असते, पण मी पह्यले कण्या खातो, मंग डबा. पेज पेतो. म्हशीचा गोठा रिकामा आहे, नाई तं तिले दिली असती. किती भांडलो असन त्या पेजेवरून.

मागच्या दवाखान्याच्या दिवशी मले वाटलं, या टायमाले वजन अजून उतरलं तं पारावरचे म्हणतील, जन्मभर बाईनं पाला चारला, आंगात काही राह्यलंच नाई. मले काही म्हणा. तिच्या जेवणाले नाई. निघताना मी मोरीत जाऊन पाणी पेलो. लोट्यावर लोटा. बस आर्वीच्या रस्त्यानं उडत उडत गेली. दवाखान्यात ही गर्दी. मी बाकड्यावर या मांडीवरून त्या मांडीवर. नळ कोणीतरी चालू ठेवला होता.

सुनेनं पर्स मांडीवर ठेवली आन हळूच विचारलं, "मामाजी, किती प्यायले?"

मी तिच्याकडे पाह्यलं.

"आईंनी सांगून ठेवलं होतं मला," ती म्हणे. तिचं बोलणं शहरातलं आहे, पण पुढचं तिनं जसंच्या तसं म्हटलं, सासूच्याच आवाजात. "काट्यावर चढवाच्या आधी माल ओला आहे का पाहून घेजो."

मले हसू आलं. हसाले नको होतं. मी उठलो, धोतर सावरलं आन सुटलो. मागून सून ओरडली, "मामाजी, डाव्या हाताला!" साऱ्या दवाखान्यानं पाह्यलं. टाळ्या कोणी वाजवल्या नाई.

परत आलो, चपला काढल्या, टोपी काढली, अडकित्ता सुनेच्या हातात दिला आन मशिनीवर उभा राह्यलो.